तुटली कुठे? फायबरचा फॉल्ट शोधणाऱ्यांसाठी प्रवेशिका

प्रास्ताविक

ही प्रवेशिका नुकतेच केबलच्या धंद्यात शिरलेल्या, खांद्यावर शिडी आणि खिशात लाल पेन मिळालेल्या, आणि 'उद्यापासून एकट्यानं जायचं' असे सांगितले गेलेल्या उमेदवारांसाठी आहे. पूर्वज्ञान म्हणून दहावीच्या विज्ञानातले 'प्रकाशाचे अपवर्तन' पुरेसे आहे. तो धडा ऑप्शनला टाकला असल्यास पुढचा परिच्छेद वाचावा. वाचूनही समजला नाही, तरी पगारावर परिणाम होत नाही.

फायबर म्हणजे काचेची तार. तिचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा, भोवतालची काच धरून जाडी १२५ मायक्रॉन, आणि वर प्लास्टिकचा लेप. गाभ्याची काच बाहेरच्या काचेहून प्रकाशासाठी किंचित घन असते. त्यामुळे आत शिरलेला प्रकाश कडेवरून पुन्हा आतच वळतो आणि वाट संपेपर्यंत बाहेर पडत नाही. तो मध्येच बाहेर पडला, की तुमचा फोन वाजतो.

थोडा इतिहासही माहीत असावा, म्हणजे आपण काय तोडतो याची कल्पना येते. चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली मांडले, की काच पुरेशी शुद्ध केली तर किलोमीटरमागे होणारे नुकसान २० डेसिबलच्या खाली आणता येईल, आणि मग तिच्यातून संदेश धाडता येतील. १९७० साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तशी फायबर काढून दाखवली. काव यांना २००९ साली नोबेल मिळाले. आजच्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाचे नुकसान किलोमीटरला जेमतेम ०.२ डेसिबल आहे. म्हणजे निम्मा प्रकाश संपायला १५ किलोमीटर लागतात. तोच निम्मा प्रकाश ग्राहकाच्या टीव्ही युनिटमागे संपवायला एक सुतार पुरतो.

साहित्य

पॉवर मीटर. लाल लेझरचे पेन. स्ट्रिपर, क्लीव्हर, स्प्लायसिंग मशिन. स्लीव्हचे पाकीट. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारे टिश्यू. घट्ट झाकणाची बाटली. ओटीडीआर (हे ऑफिसात एकच असते आणि आज ते दुसऱ्या गावी गेलेले असते). वही आणि पेन्सिल. शेवटच्या दोन वस्तू कोणीही नेत नाही, त्यांच्याकडे आपण सातव्या धड्यात येऊ.

सावधान! (हा भाग चेष्टेचा नाही)

फायबरच्या टोकाकडे डोळा लावून 'लाइट येतोय का' ते पाहू नये. कामाचा प्रकाश १३१०, १४९० किंवा १५५० नॅनोमीटरचा असतो आणि माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. डोळ्याला इजा करायला दिसण्याची गरज नसते. दुसरे, कापलेले काचेचे तुकडे लगेच झाकणाच्या बाटलीत टाकावेत. ते पारदर्शक असतात, बोटात घुसतात आणि सापडत नाहीत. ग्राहकाकडून वडापाव आला तर आधी हात धुवावेत. नंतर, खाऊन झाल्यावर धुवायचे ते वेगळे.

धडा १ : तक्रार ऐकणे

'नेट गेलं' या तक्रारीचे अनेक अर्थ होतात. रिचार्ज संपला. वायफायचा पासवर्ड धाकट्याने बदलला. मिक्सर लावायला बटणपट्टीतून कोणीतरी एक प्लग काढला आणि तो राउटरचा होता. यांतले काहीही फायबरचे नाही, पण तुमची एक फेरी गेलीच. म्हणून निघण्यापूर्वी फोनवर दिव्यांची चौकशी करावी. ओएनटीच्या, म्हणजे घरात फायबर जिथे येते त्या डब्यावर 'पॉन' दिवा हिरवा आणि स्थिर असेल, तर प्रकाश घरापर्यंत पोचतो आहे. दुखणे पुढे कुठेतरी आहे. 'एलओएस' दिवा लाल असेल, तर प्रकाश येत नाही. शिडी काढावी.

घरी गेल्यावर एक प्रश्न विचारायचा असतो.

"काकू, इथलं काही हलवलं का?"

"नाही रे बाबा, आम्ही हातसुद्धा लावला नाही."

या उत्तरानंतर थेट कपाटामागे पाहावे. तिथे पॅचकॉर्ड काटकोनात दुमडलेली सापडते, कारण हात न लावता काल सोफा बदललेला असतो. साध्या फायबरचे वळण ३० मिलीमीटर त्रिज्येपेक्षा लहान नसावे. घरात वापरायची वाकणारी फायबर १० किंवा ७.५ मिलीमीटरही सहन करते, काटकोन मात्र तीही सहन करत नाही. वळण सैल करावे, दिवा हिरवा होतो. काकूंना कारण सांगू नये. 'वरून प्रॉब्लेम होता' असे म्हणावे. चहा मिळण्याची शक्यता वाढते.

धडा २ : उणे आकड्यांशी मैत्री

पॉवर मीटरवर आकडे उणे चिन्ह घेऊन येतात, डीबीएममध्ये. नवशिके −२६ पाहून खूश होतात, कारण २६ हे १९ पेक्षा मोठे आहे. इथे उलटे आहे. शून्याच्या जितके जवळ तितका प्रकाश जास्त, आणि दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो.

मीटर लावण्यापूर्वी हिशेब करून ठेवावा. ऑफिसातून +३ निघाले. एका प्रकाशाचे ३२ वाटे करणाऱ्या स्प्लिटरने सुमारे १७ घेतले. चार किलोमीटर फायबरने साधारण दीड. जोड आणि कनेक्टर मिळून आणखी दीड. घरी −१७ च्या आसपास यायला हवे. मीटर १४९० वर ठेवूनही तो −२६ दाखवत असेल, तर वाटेत ९ डेसिबल गायब आहेत, म्हणजे यायला हव्या त्या प्रकाशाचा आठवा हिस्साच आला.

यातली ग्यानबाची मेख अशी, की पुष्कळसे ओएनटी −२७ पर्यंत तग धरतात. त्यामुळे −२६ वाल्याचे नेट चालू असते. तुम्ही 'सगळं ओके' म्हणून सही घेता आणि निघता. पहिल्या पावसात ते बंद पडते, आणि सहीखाली नाव तुमचे असते. हिशेबाने जे यायला हवे होते ते आले का, हे पाहावे. नेट चालू आहे का, हे ग्राहकालाही पाहता येते.

धडा ३ : स्वच्छता

कनेक्टर काढणे, फुंकर मारणे, शर्टाला पुसणे आणि पुन्हा लावणे ही आपली राष्ट्रीय दुरुस्तीपद्धत आहे. रिमोटवर ती चालते, इथे चालत नाही. गाभा ९ मायक्रॉनचा, त्यावर बसायला धुळीचा एक कण बास. फुंकरीने टोकावर ओल येते, शर्टाने तंतू आणि घाम येतो. अल्कोहोल लावलेल्या टिश्यूने एकाच दिशेने पुसावे, मग कोरड्या टिश्यूने. पुसलेल्या टोकाला बोट लावून 'झालं का साफ' ते तपासू नये.

कनेक्टरचा रंगही पाहावा. हिरव्याचे टोक ८ अंशांनी तिरके घासलेले असते, निळ्याचे तसे नसते. दोन्ही एकमेकांत बसतात, टिक असा समाधानकारक आवाजही येतो. मात्र मध्ये फट राहते, प्रकाश जातो आणि टोके खराब होतात. आवाजावर विश्वास ठेवू नये.

धडा ४ : लाल पेन

पेनात ६५० नॅनोमीटरचा लाल, दिसणारा प्रकाश असतो. ओएनटीतून कनेक्टर काढून त्यात पेन लावावे आणि खोलीतला दिवा मालवावा. पिवळी पॅचकॉर्ड जिथे तुटली किंवा पिळली असेल, तिथे लाल ठिणगीसारखी पेटते. घरातली लहान मुले हे पाहून टाळ्या वाजवतात. तुमच्या कामाला टाळ्या मिळण्याचा हा एकमेव प्रसंग, तो पुरता अनुभवावा. मुलांना पेनाच्या तोंडासमोर मात्र येऊ देऊ नये.

बाहेरच्या काळ्या केबलमध्ये हा प्रकाश दिसत नाही, कारण आवरण जाड असते. तिथे पेनाचा उपयोग वेगळा : खांबावरच्या बॉक्समध्ये चोवीस कोरांपैकी आपली कोणती, ते ओळखायला. बॉक्सच्या झाकणाच्या आत कोरांची यादी चिकटवलेली असते. ती पावसाने धुऊन गेलेली असते. म्हणून पेन.

धडा ५ : ओटीडीआर

अखेर मशिन गावाहून परत आले आहे. ते प्रकाशाचा बारीक स्पंद फायबरमध्ये सोडते आणि काचेतून विखरून परत येणारा अगदी थोडा प्रकाश मोजत बसते. घाटात उभे राहून समोरच्या कड्याला हाक मारावी आणि प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढावे, तसे. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणून किलोमीटरभर जाऊन परत यायला त्याला १० मायक्रोसेकंद लागतात. काचेचा अपवर्तनांक मशिनला आधी सांगावा लागतो. १.४६८ च्या जागी १.४६ घातला, तर चार किलोमीटरवर वीसेक मीटरचा फरक पडतो. वीस मीटर म्हणजे न तुटलेल्या केबलसाठी पाच दुकानांसमोर खोदणे आणि पाच दुकानदारांशी बोलणे.

चालू लाइनवर नेहमीच्या तरंगलांबीने स्पंद सोडू नयेत, बाकीच्या ग्राहकांचे नेट जाते. त्यासाठी १६२५ किंवा १६५० नॅनोमीटर असतात. पडद्यावरची रेघ अशी वाचावी :

उतरती सरळ रेघ : फायबर ठीक आहे.

छोटी पायरी : जोड आहे, किंवा वाकलेली आहे. १३१० वर पायरी दिसत नाही आणि १५५० वर ठळक दिसते, तर वाकलेली आहे.

टोकदार शिखर आणि पुढे रेघ चालू : कनेक्टर.

रेघ एकदम खाली आणि पुढे नुसता गोंधळ : तुटली. अभिनंदन.

जोडावर रेघ चढली : जोडामुळे प्रकाश वाढला म्हणून साहेबांना फोन करू नये. वेगळ्या जातीच्या दोन फायबर जोडल्या, की पुढची फायबर जास्त प्रकाश मागे विखुरते आणि मशिन फसते. दुसऱ्या टोकाकडूनही मोजून सरासरी काढावी.

२०० मीटरवर मोठे शिखर, ४०० वर तसेच छोटे : दुसरे हे पहिल्याचे भूत आहे. चकाकणाऱ्या कनेक्टरवरून प्रकाश पुन्हा पुन्हा परततो आणि दुप्पट अंतरावर खोटे शिखर उमटते. भुताच्या जागी खोदू नये.

एक मर्यादा राहिली. कनेक्टरच्या चकाकीने दिपलेल्या मशिनला सुरुवातीचे काही मीटर धड दिसत नाहीत. म्हणून मध्ये लांब लाँच केबल लावतात. ती नसली, की ऑफिसच्या दारातच तुटलेली केबल शोधत माणसे गावाच्या वेशीपर्यंत जातात.

धडा ६ : १७४२ मीटर म्हणजे कुठे?

हा धडा नीट वाचावा, बाकीचे विसरले तरी चालतील. मशिनने १७४२ मीटर सांगितले. मशिनचे काम संपले. ते अंतर सांगते, जागा सांगत नाही.

अडचण अशी. दर जोडापाशी आणि बऱ्याच खांबांवर पुढच्या दुरुस्तीसाठी केबलचे वेटोळे, म्हणजे लूप, सोडलेले असते. दहा मीटरचे की वीस, ते सोडणाऱ्यालाच ठाऊक. केबलच्या आत फायबर पीळ घेऊन पडलेली असते, त्यामुळे ती केबलहून थोडी लांब भरते. नकाशात केबल सरळ जाते. प्रत्यक्षात ती मारुतीच्या देवळाला वळसा घालून, डेअरीच्या पत्र्यावरून आणि एका जांभळाच्या झाडातून जाते, कारण मधल्या घरमालकाने आपल्या भिंतीला खिळा मारू दिला नव्हता. नकाशा काढणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. लूप सोडणारा ठेकेदाराचा होता, त्याचा नंबर लागत नाही.

आधार दोनच. पहिला केबलच्या अंगावर छापलेला : आवरणावर दर मीटरला आकडा असतो. या बॉक्सपाशी ०८५० आणि पुढच्यापाशी १२१० असेल, तर मध्ये ३६० मीटर केबल आहे, मग नकाशा काहीही म्हणो. दुसरा आधार म्हणजे माणसे.

विचारावे कोणाला : पानटपरीवाला, इस्त्रीवाला, सोसायटीचा वॉचमन, मंडळाचा कार्यकर्ता. रस्त्यावर काल काय झाले हे या चौघांना कळले नसेल, तर ते झालेलेच नाही. विचारावे कसे : आरोप न करता. खोदकाम चालू दिसले तर जेसीबीवाल्याला 'केबल तुम्ही तोडली का' असे विचारू नये. संभाषण असे व्हावे :

"दादा, इथं काही वायर वगैरे लागली का?"

"वायर? नाय बा. एक काळा पाइप होता, तो बाजूला केला."

फॉल्ट सापडला.

माणसे भेटेपर्यंत हे पंचांग जवळ ठेवावे :

पौष : संक्रांत. पतंग केबलमध्ये अडकतो, पोरे दोन्ही ओढतात.

मार्चअखेर : निधी संपवायचा असतो. चांगला रस्ता खोदला जातो.

वैशाख-ज्येष्ठ : पावसाआधी गटारे साफ होतात. गटारात केबल असते.

आषाढ-श्रावण : फांद्या पडतात, जॉइंट बॉक्समध्ये पाणी शिरते.

भाद्रपद : मांडवाचे खांब. खड्डा नेमका केबलवर, कारण तिथली माती आधीच भुसभुशीत असते.

आश्विन : दिवाळीची साफसफाई. पहिला धडा पुन्हा वाचावा.

कार्तिकापासून पुढे : ऊसतोड. उंच भरलेली ट्रॉली कमानीखालून जाते, केबलखालून जात नाही.

बारमाही : उंदीर, घूस, खार.

हे फक्त आपल्याकडेच होते असे समजून खजील होऊ नये. मार्च २०११ मध्ये जॉर्जिया देशात तांबे मिळेल म्हणून खणणाऱ्या ७५ वर्षांच्या आजींच्या फावड्याने फायबर तुटली आणि शेजारच्या आर्मेनियातले इंटरनेट काही तास बंद पडले. फायबरमध्ये तांबे नसते, ही बातमी आपल्याकडच्या चोरांपर्यंतही अजून पोचलेली नाही. पश्चिम जपानात कुमाझेमी जातीच्या सिकाडांनी केबलला वाळकी फांदी समजून तिच्यात अंडी घातली. आपल्या सरकारचा अंदाज आहे, की देशात वर्षाला सुमारे १० लाख वेळा फायबर तुटते आणि ३,००० कोटींच्या आसपास नुकसान होते. यावर उपाय म्हणून मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप निघाले. खोदणाऱ्याने आधी त्यात कळवावे, म्हणजे खाली कोणाच्या तारा आहेत ते समजेल, अशी योजना आहे. जेसीबीवाल्याच्या फोनमध्ये हे अ‍ॅप आहे का, ते विचारून पाहावे. गाणे बंद करून तो ऐकेल, एवढे नक्की.

धडा ७ : जोड

तुटलेली जागा सापडली. आता जोडणे हे सर्वांत सोपे काम, म्हणून यात सर्वांत जास्त चुका होतात. क्रम असा : स्लीव्ह घाला, लेप सोला, अल्कोहोलने पुसा, क्लीव्हरने काटकोनात कापा, मशिनमध्ये ठेवा. मशिन दोन टोके समोरासमोर आणून विजेच्या ठिणगीने वितळवून एक करते आणि ०.०२ असा काहीतरी अंदाज दाखवते. मग स्लीव्ह जोडावर सरकवून तापवा.

'स्लीव्ह घाला' हे पहिले लिहिले आहे, कारण जोड झाल्यावर ती घालता येत नाही. हे वाक्य प्रत्येक उमेदवार वाचतो, मान डोलावतो आणि सुंदर जोड झाल्यावर स्लीव्ह टेबलावर पाहतो. जोड तोडून पुन्हा करावा. पर्याय नाही.

रंगांचा क्रम पाठ असावा : निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. रात्री रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्याखाली नारिंगी आणि तपकिरी सारखेच दिसतात. मग तक्रार न केलेल्या माणसाचे नेट जाते आणि तक्रार केलेल्याचे येत नाही. हेडलाइट वापरावा.

शेवटी वही उघडावी. तारीख, जागा, ओळखीची खूण, आवरणावरचा आकडा, किती मीटर लूप सोडला, कोणता रंग कोणाला जोडला. दोन मिनिटांचे काम. ते आजवर कोणी केले नाही, म्हणून तुमचा आजचा दिवस गेला. प्रकाशाने १७४२ मीटरचा पत्ता क्षणात आणला होता. उरलेला वेळ गेला तो आधीच्या माणसाने लिहून न ठेवलेल्या एका ओळीपायी.

स्वाध्याय

१. रिकाम्या जागा भरा : (अ) 'हातसुद्धा लावला नाही' असे ऐकल्यावर ______ मागे पाहावे. (आ) −१९ हे −२६ पेक्षा ______ असते. (इ) 'एक काळा पाइप होता' म्हणजे ______.

२. कारणे द्या : (अ) जोडावर रेघ चढली तरी पेढे वाटू नयेत. (आ) टिक आवाज आला तरी समाधान मानू नये.

३. गणित : ओटीडीआर १७४२ मीटर दाखवतो. वाटेत सहा लूप आहेत, प्रत्येकी १५ मीटर. फायबरचा पीळ सोडून द्या. रस्त्यावरचे अंतर काढा. (उत्तर : १६५२ मीटर. लूप १५ मीटरचेच आहेत हे तुम्हाला कोणी सांगितले, ते नावानिशी लिहा. अर्धे गुण नावाला.)

४. निबंध लिहा : 'मी सोडलेला लूप'. शब्दमर्यादा एक ओळ. अक्षर पुढच्या माणसाला वाचता आले पाहिजे.